धीर धरणारी आणि वाट न पाहणारी : पंडिता रमाबाई

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, उपासनावर्ष अ मध्ये, संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील वाचन आपल्या कानी पडते. प्रभूच्या आगमनापर्यंत श्रद्धावंतांनी धीर धरावा असे प्रेषित त्यात सांगतो आणि त्यासाठी पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण देतो. वाचन सातव्या वचनापासून सुरू होते. त्याआधीची सहा वचने घरी जाऊन वाचणारा श्रद्धावंत मात्र बुचकळ्यात पडतो. कापणी करणाऱ्या मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांवर याकोब तेथे विलक्षण कठोर शब्दांत तुटून पडला आहे. जो लेखक सहाव्या वचनापर्यंत स्वतः धीर धरीत नाही, तो सातव्या वचनात इतरांना धीर धरावयास कसा सांगतो?

असे प्रश्न येथेच संपत नाहीत. त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात ईयोबाच्या सहनशीलतेचा गौरव केलेला आहे, आणि ईयोबाचे पुस्तक उघडावे तर तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो व परमेश्वराशी वाद घालतो. सदतिसावे स्तोत्र परमेश्वरापुढे शांत राहून वाट पाहावयास शिकवते. तेराव्या स्तोत्रात मात्र भक्त परमेश्वराला आणखी किती काळ, असा प्रश्न एकदा नव्हे, चार वेळा विचारतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू दुसरा गाल पुढे करावयास सांगतो, आणि अटकेनंतर प्रमुख याजकापुढे त्याला चपराक मारली जाते तेव्हा तो मारणाऱ्याला त्याचे कारण विचारतो (योहान १८:२३).

हे प्रश्न केवळ सेमिनरीच्या वर्गातील नाहीत. नवऱ्याचा मार खाणारी स्त्री, मजुरी बुडालेला कामगार, हुंड्यासाठी छळली जाणारी सून यांना आपण धीर धरावयास सांगतो, क्रूस वाहावयास सांगतो. ते सांगणे शुभवर्तमानाला धरून आहे काय? या प्रश्नाचे उत्तर एका ग्रंथात शोधण्यापेक्षा एका जीवनात शोधावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ते जीवन आपल्याच पुणे शहराशी आणि जिल्ह्याशी जोडलेले आहे.

पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांची श्रद्धा अँग्लिकन पंथात रुजली आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत फारशा राहिल्या नाहीत. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत होऊ असेही नाही. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधुभगिनींच्या ठायी दिसणारी ख्रिस्ताची संपत्ती आपण आनंदाने ओळखावी आणि तिचा आदर करावा, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशात दिली आहे. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे.

अरण्यातील बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रीने संस्कृत शिकणे निषिद्ध मानले जाई त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करला आणि पंडितांच्या आक्षेपांना शास्त्राधार देऊन उत्तरे दिली. हेच ज्ञान पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या कन्येला दिले. कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत असे, पुराणे सांगत असे आणि मिळणाऱ्या दक्षिणेवर निर्वाह करीत असे.

१८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. जवळचे सारे संपले. व्रते, उपवास आणि जप करीत या कुटुंबाने देवाच्या साहाय्याची वाट पाहिली. प्रथम वडील, मग आई आणि त्यामागून थोरली बहीण अशी तिघे उपासमारीने व आजाराने दगावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. दोघांनी मिळून पायी हजारो मैलांचा प्रवास केला. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कित्येक वर्षांनंतर दुष्काळाचे वर्तमान कानी येताच या स्त्रीने क्षणाचाही विलंब का लावला नाही, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत या स्त्रीने आईवडील, बहीण, भाऊ आणि पती हे सारे गमावले होते.

पुण्यातील पहिले पाऊल

१८८२ साली तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे आणि आपले प्राक्तन निमूटपणे भोगावे अशी रीत होती. सोशिकपणा हा स्त्रीचा अलंकार मानला जाई आणि तो विधवेच्या वाट्याला सर्वांत अधिक येई. रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, अशी त्यांची मागणी होती. पुरुष वैद्याकडे जाण्याच्या संकोचाने स्त्रिया विनाकारण मरतात, हे त्यांना पाहवत नव्हते.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाची आठवण होते. अठरा वर्षे पाठीतून वाकलेली एक स्त्री शब्बाथदिवशी सभास्थानात येते. येशू तिला बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो. कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हावे, असे त्याचे म्हणणे. तसे पाहिले तर त्याचे बोलणे अवाजवी वाटत नाही. अठरा वर्षे सोसले, मग आणखी एका दिवसाने काय बिघडणार होते? परंतु प्रभूने तिला तो एक दिवसही सोसावयास लावला नाही. दुसऱ्याच्या दुःखाला उद्यापर्यंत थांबावयास सांगण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नव्हता, हे त्याने कृतीने दाखवून दिले.

विलायतेतील वर्षे

वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेले कार्य त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना माणूस म्हणून वागवण्याची प्रेरणा कोठून येते, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा (योहान ४) वाचून दाखवण्यात आली. त्या कथेने त्यांच्या अंतःकरणाची पकड घेतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने स्नानसंस्कार घेतला.

यानंतर त्या आज्ञाधारक आणि मुक्या झाल्या असे नाही. श्रद्धेच्या काही सिद्धान्तांविषयी त्यांनी भगिनींना प्रश्न विचारले, आणि पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास मनाई करणाऱ्या वरिष्ठांशी त्या पत्रांतून वाद घालीत राहिल्या. त्यांचा तो आग्रह त्यांच्या हितचिंतकांना अनेकदा उद्धट वाटला आणि काही वेळा तो तसा असेलही. ईयोबाच्या मित्रांनाही ईयोब उद्धटच वाटला होता. परंतु त्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर मित्रांना दोष देतो आणि ईयोब योग्य ते बोलला असे म्हणतो. ईयोबाची सहनशीलता त्याच्या गप्प राहण्यात नव्हती. त्याने परमेश्वराकडे तक्रार केली, पण परमेश्वराची पाठ सोडली नाही. रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप असेच होते. स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त आता सापडत आहे, असा अनुभव त्यांना आला. तोवर त्यांनी प्रश्न सोडले नाहीत आणि प्रार्थनाही सोडली नाही.

शारदा सदन

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला साहाय्य करणारी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. तेथे शिकलेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

त्याच साली सदनावर वादळ आले. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली आपण होऊन बसत. सदनाच्या धार्मिक तटस्थतेचा भंग होत आहे असा आरोप झाला. केसरीतून प्रखर टीका झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार बंद ठेवण्यास रमाबाई तयार नव्हत्या. आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी होती. परक्या आधिपत्याखालील समाजाला आपल्या लेकींच्या धर्माची चिंता वाटणे स्वाभाविक होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहावयाचे ते हे की, या साऱ्या काळात रमाबाईंनी निंदेचा सूड घेतला नाही आणि सदनही सोडले नाही. निघून गेलेल्या मुलींच्या जागी दुसऱ्या येईपर्यंत उरलेल्यांना त्या शिकवीत राहिल्या. स्वतःवरील आघात सोसण्यास त्यांच्यापाशी उदंड धीर होता.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वर्तमान कळताच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि पुढील काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. इतक्या जणींना ठेवण्यास जागा नव्हती, पैसा नव्हता, आणि पुण्यात प्लेगची साथ सुरू झालेली होती. व्यवहारी माणसाने आधी इमारत बांधली असती. रमाबाईंनी आधी मुली आणल्या आणि दौंडच्या वाटेवरील केडगाव येथील शेतजमिनीवर झोपड्या उभारल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्याही पुढे गेली. शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले आणि मनोरमाबाईंच्या पुढाकाराने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली.

१८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्याही ख्रिस्ती. गप्प राहणे सोयीचे होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप नाकारले. केसरीने ज्यांच्यावर टीका केली त्या बाईंनी सरकारवरही तितक्याच निर्भयतेने टीका केली, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांच्याही लक्षात यावी अशी होती.

शेतकऱ्याचा धीर

आता याकोबाच्या शेतकऱ्याकडे वळावे. केडगावचा परिसर कमी पावसाचा. तेथील शेतकऱ्याला वाट पाहणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तो पाऊस पाडू शकत नाही, म्हणून वाट पाहतो. पण वाट पाहताना हातावर हात धरून बसत नाही. तो नांगरतो, बांध घालतो, बी राखून ठेवतो. शिवारात जनावर शिरले तर त्याला धीराने चरू देत नाही. जे देवाच्या हाती आहे त्याची वाट पाहावयाची आणि जे आपल्या हाती आहे ते उद्यावर टाकावयाचे नाही, असा हा धीर आहे. म्हणून याकोबाची पहिली सहा वचने आणि सातवे वचन यांत विरोध नाही. पीक राखणारा शेतकरीच पावसाची वाट पाहतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या एका गुणासाठी दोन शब्द येतात. माक्रोथुमिया म्हणजे लवकर न पेटणारे, दीर्घ मन. शेतकऱ्याच्या दृष्टान्तात हा शब्द आहे. हुपोमोने म्हणजे ओझ्याखालीही जागा न सोडता टिकून राहणे. ईयोबाविषयी हा शब्द आहे. मुकाट्याने अन्याय चालू देणे, असा अर्थ या दोहोंपैकी एकाही शब्दात नाही. आपल्या मराठीतील धीर हा शब्दही किती नेमका आहे! धीर धरणे म्हणजे वाट पाहणे आणि धीराचा माणूस म्हणजे शूर माणूस. संत थॉमस अक्वायनस यांनीही सहनशीलता या सद्गुणाचा विचार धैर्याच्या प्रकरणातच केला आहे.

त्याच विवेचनात संत थॉमस एक महत्त्वाचा भेद करतात. गरज पडेल तेव्हा दुष्कर्म करणाऱ्याविरुद्ध उभे राहणे हे सहनशीलतेच्या विरुद्ध नाही, असे ते म्हणतात. त्यासाठी ते एका प्राचीन विचाराचा आधार घेतात, तो असा की स्वतःवरील अन्याय सोसणे स्तुत्य आहे, परंतु देवावरील अन्याय निमूटपणे पाहणे हे पाप आहे. याला मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाची जोड द्यावी. तेथे प्रभू भुकेल्या, उघड्या आणि परक्या माणसाच्या ठायी स्वतःला पाहतो. मग लहानातील लहानावर होणारा अन्याय हा देवावरीलच अन्याय ठरतो, आणि दुसऱ्याचे दुःख आपण त्याच्या वतीने सोसून टाकू शकत नाही. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा माझ्या गालाविषयी आहे. शेजाऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार ती मला देत नाही. आणि माझ्या बाबतीतही ती सूड नाकारते, सत्य बोलणे नाकारत नाही. प्रमुख याजकापुढे प्रभूने उलट हात उगारला नाही, पण चपराक न्याय्य होती असेही मानले नाही.

दीड तपाचे काम

रमाबाईंच्या धीराचे सर्वांत मोठे फळ म्हणजे त्यांचे मराठी बायबल. पूर्वीच्या भाषांतराची भाषा साध्या स्त्रियांना कळत नाही असे त्यांना वाटे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून, मुक्ती सदनाचा सारा व्याप सांभाळत त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. या कामाला सुमारे दीड तप लागले. ज्या मुली दुष्काळातून आल्या होत्या त्यांतल्याच काही जणी केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवीत.

उपाशी मुलीसाठी एक दिवस न थांबणारी ही स्त्री एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षे थांबली. वाट पाहावयास सांगणारे सदतिसावे स्तोत्र आणि आणखी किती काळ असे विचारणारे तेरावे स्तोत्र, ही दोन्ही त्यांच्या हातून मराठीत उतरली. शास्त्रातील जी वचने परस्परविरोधी भासतात ती त्यांच्या जीवनात शेजारी शेजारी नांदत होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या कन्येवर कार्याचा भार सोपवावयाचा तीच आधी गेली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या, आजारी होत्या. त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम अखेरच्या दिवसांपर्यंत चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी प्रभूमध्ये चिरविश्रांती घेतली. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली छापून पुरे झाले. ते पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. पेरणाऱ्याने कापणी पाहिलीच पाहिजे असा शुभवर्तमानाचा नियम नाही.

आपल्या धर्मग्रामांसाठी

प्रिय बंधुभगिनींनो, या जीवनातून आपण एक साधी कसोटी घेऊ या. कोणाला धीर धरावयास सांगण्यापूर्वी, दुःख कोणाचे आहे, हे पाहावे. दुःख माझे असेल, अपमान माझा असेल, प्रार्थनेचे उत्तर मला मिळत नसेल, तर धीर धरण्याची कृपा मी मागावी. दुःख दुसऱ्याचे असेल आणि ते दूर करणे माझ्या हाती असेल, तर धीर हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. मार खाऊन आलेल्या भगिनीला क्रूसाची आठवण करून देण्याआधी तिला सुरक्षित आसरा द्यावा, तिच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत जावे. तिचा क्रूस वाहण्यास सिमोन कुरेनेकरासारखे आपणच पुढे व्हावयाचे आहे.

आणि जेथे आपले हात पोहोचत नाहीत, असाध्य आजारात, मुलांच्या भटकलेल्या वाटांत, मृत्यूच्या दारी, तेथे मात्र पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याप्रमाणे आपण एकमेकांना धीर देऊ या. परमेश्वर मंद क्रोधाचा आहे, आणि मिसर देशात दासांचा आक्रोश ऐकून खाली उतरून आलेला देवही तोच आहे. आपल्याला सोसण्याचे बळ, न सोसण्याचे धैर्य आणि दोहोंतील भेद ओळखण्याचे शहाणपण तो देवो, हीच प्रार्थना. आमेन.